अर्बाबचं जेवण होईपर्यंत

ओमानात, मस्कतजवळच्या अल खौदला आम्ही राहत होतो त्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. तिथं इव्हॉन तुस्कानो राहायची. वसईजवळच्या गास गावची. माझे यजमान कृष्णकांत विद्यापीठात शिकवायचे, मी घरीच असायची, त्यामुळे संध्याकाळी ऑफिसच्या व्हॅनमधून ती उतरली की पहिला चहा आमच्याकडे व्हायचा.

ती १९९४ साली मस्कतला आली. कुरुमला एका व्यापारी कंपनीत टायपिस्ट म्हणून. वर्षभरात तिनं डॉमनिकशी लग्न केलं. तो एसी दुरुस्तीचं काम करायचा, चर्चच्या क्वायरमध्ये गायचा. पुढच्या वर्षी नॅटली झाली. २००१ मध्ये बरकाच्या रस्त्यावर एका टँकरनं डॉमनिकच्या गाडीला उडवलं. मुलीचा व्हिसा बापाच्या नावावर होता, तो बापाबरोबरच संपला. इव्हॉनच्या हुद्द्याच्या बाईला आपल्या नावावर मूल ठेवता येत नसे. पाच वर्षांच्या नॅटलीला तिनं गासला आपल्या आईकडे आणि धाकट्या बहिणीकडे, व्हेनेसाकडे, ठेवलं आणि स्वतः परत आली. दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या प्रार्थनेहून आली की फोन करायची. दर मे महिन्यात एक महिना जायची. असं पाच वर्षं चाललं होतं.

२००६ च्या जानेवारीतली गोष्ट. बुधवारी दुपारी चार वाजता व्हेनेसाचा फोन आला. नॅटलीला सोमवारपासून ताप होता. डोकं इतकं दुखत होतं की उजेड सहन होईना, मान वळेना. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं होतं. मेंदूज्वर असावा, असं म्हणत होते.

"डॉक्टर म्हणतात, आईला बोलवून घ्या," व्हेनेसा म्हणाली.

इव्हॉन तशीच उठली आणि जहूरसाहेबांच्या टेबलापाशी गेली. जहूर हे कंपनीचं प्रशासन बघायचे. सियालकोटचे, साठीचे, पाच वेळा नमाज पढणारे, शब्दाला पक्के. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या मागच्या तिजोरीत असत. आदल्या वर्षी एक सेल्समन आई आजारी म्हणून गेला तो परतलाच नाही, आणि कंपनीचे मालक शेख हसन यांनी फर्मान काढलं की यापुढे माझ्या शब्दाशिवाय एकही पासपोर्ट बाहेर जाणार नाही.

"जहूरसाब, मेरी बेटी अस्पताल में है," ती म्हणाली. "आज रात की फ्लाइट है."

जहूर उठून उभे राहिले. खरोखर कळवळले. त्यांनी तिच्यासमोर शेखना फोन लावला. बंद. दुसरा नंबर लावला. तोही बंद. अर्बाब, म्हणजे मालक, दुपारीच जर्मन पाहुण्यांना घेऊन डोंगरावर गेले होते, जबल अख्दरला. तिथं नव्यानं एक भारी हॉटेल झालं होतं. एकदा वर गेले की शनिवारपर्यंत ते फोन बंद ठेवत.

"चावी आपके पास है," इव्हॉन म्हणाली.

"चावी मेरे पास है, बेटा. इजाजत नहीं है."

तिनं हात जोडले. ते मान खाली घालून म्हणाले, "उन्नीस साल का भरोसा है. मैं नहीं तोड सकता. आप अर्बाब से एक लफ्ज कहलवा दीजिए, मैं आधी रात को आके तिजोरी खोलूँगा."

तिनं हॉटेलला फोन केला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की पाहुण्यांना फोन जोडून देता येत नाही, निरोपही घेता येत नाही, तशी सूचना आहे. तिनं चार वेळा केला. पाचव्या वेळी त्या मुलीनं फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि म्हणत होती, "ताई, मी चालत जाऊ का डोंगर?"

कृष्णकांत दूतावासात कुणाला तरी फोन करत होते. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, शनिवारी सकाळी या, एवढंच उत्तर मिळालं. तोवर कंपनीचा ड्रायव्हर उत्तम घाडगे दारात येऊन उभा राहिला. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ऑफिसातून घरी सोडताना त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बाई, वर जायला फोर-व्हील लागते. पोलीस खालीच अडवतात. साहेबाची लँडक्रूझर माझ्याकडे उभी आहे," तो म्हणाला.

"उत्तमभाऊ, तुमची नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. पण हॉटेलच्या फाटकातून आत कसं जायचं? मी साहेबाला दोनदा सोडलंय. आत राहणारे आणि जेवायला येणारे, एवढेच सोडतात. नावं लिहिलेली असतात."

तेव्हा कृष्णकांतनीच मार्ग काढला. त्यांनी आपल्या इंग्रजीत हॉटेलला फोन केला आणि गुरुवारी दुपारी एक वाजता दोघांसाठी टेबल सांगितलं. मिस्टर आणि मिसेस घाडगे. तिकडून विचारलं, काही विशेष प्रसंग आहे का? कृष्णकांत म्हणाले, "नाही."

सकाळी नऊला ते निघाले. मी इव्हॉनला माझा लोकरीचा कोट दिला, वर बोचरी थंडी असते म्हणून. उत्तमला कृष्णकांतचा ब्लेझर चढवला. तो खांद्यात दाटत होता. इव्हॉननं लिपस्टिक लावली, पुसली, पुन्हा लावली. शिळ्या चेहऱ्याच्या बाईला असल्या ठिकाणी कुणी आत घेणार नाही, असं तिला वाटत होतं.

समाइलच्या खिंडीतून, इझकीवरून ते बिरकत अल मौझला पोचले. चौकीवरच्या पोलिसानं गाडीचे कागद बघितले आणि जाऊ दिलं. पुढे चढण. वळणावर वळण. फोनची रेंज होती तिथं इव्हॉननं शेवटचा फोन लावला. व्हेनेसा म्हणाली की पहाटे मुंबईच्या हॉस्पिटलात दाखल केलं, आता बाराच्या सुमारास ती डोळे उघडून बघत होती, 'मम्मी कधी येणार' विचारत होती. मग फोन तुटला. पुढे रेंज आलीच नाही.

हॉटेलची जेवणाची खोली कड्याच्या अगदी टोकाला होती. एक पूर्ण भिंत काचेची. खाली दरी, दरीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं, जानेवारीतली डाळिंबाची निष्पर्ण झाडं. आत शेकोटी पेटलेली. मस्कतमध्ये बारा वर्षं काढलेल्या इव्हॉननं ओमानात पेटती शेकोटी पहिल्यांदा पाहिली. सात-आठ टेबलांवर गोरे लोक बसले होते, हळू आवाजात बोलत होते. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, लाकडी जाळीच्या पडद्यामागे, शेख हसन बसले होते. पांढरा डिशडाशा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, वर तपकिरी शाल. बरोबर तीन जर्मन पाहुणे. इव्हॉनच्या टेबलापासून फार तर वीस पावलं.

ती उठणार तोच हॉटेलचा मॅनेजर आडवा आला. लेबनानी, तलम सुटातला. काही हवंय का मॅडम?

तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. रात्री लिहून ठेवली होती. 'सर, मी तुमच्या ऑफिसातली इव्हॉन. माझी मुलगी हॉस्पिटलात आहे. कृपा करून जहूरसाहेबांना फोन करा.'

मॅनेजरनं ती वाचली आणि तिच्या हातात परत दिली. "शेख साहेबांची मीटिंग चालू आहे. त्या टेबलापाशी कुणी जायचं नाही, असं त्यांनीच सांगितलंय. तुम्ही जेवायला आलात ना? मग जेवा. नाहीतर मला तुम्हाला बाहेर पोचवावं लागेल."

ती परत खुर्चीत बसली. उत्तमनं टेबलाखाली मुठी आवळल्या होत्या.

त्यांच्या टेबलावर वाढायला डॅरेल नावाचा कॅप्टन, वेटरांचा मुकादम, होता. बांद्र्याचा, केस पिकलेला. त्यानं दोघांचं मराठी ऐकलं होतं. पाण्याचा पेला भरताना तो खाली वाकून मराठीतच म्हणाला, "मॅडम, मी सगळं ऐकलंय. मी पण त्या टेबलाकडे जाऊ शकत नाही, माझी चाकरी जाईल. पण तुमच्यासमोर प्लेट आहे तोवर हॉटेलच्या नियमानं तुम्हाला इथून कोणी उठवू शकत नाही. सगळे कोर्स मागवा. मी सावकाश आणतो. ते कधीतरी उठतीलच."

म्हणून तिनं पूर्ण जेवण मागवलं.

आधी ब्रेड आणि झाटरचं, एका सुगंधी रानपाल्याचं, तेल आलं. मग मसुराचं सूप, वर केशराचे दोन धागे. इव्हॉननं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं चमचा तोंडात घातला, घोट गिळवेना. पण मॅनेजर खांबापाशी उभा राहून बघत होता. ती एकेक चमचा गिळत राहिली. नंतर तिनं मला सांगितलं, "ताई, सूप चांगलं होतं. मला त्याचाच राग आला. माझ्या जिभेला ते चांगलं कसं लागलं?"

उत्तमचा गुरुवारचा उपास होता. दत्ताचा. वीस वर्षांत मोडला नव्हता. त्याच्यापुढचं सूप तसंच होतं.

"सर खात नाहीत का?" मॅनेजरनं येऊन विचारलं. आवाजात साखर, डोळ्यांत संशय.

उत्तमनं चमचा उचलला आणि सूप प्यायला सुरुवात केली. मॅनेजर गेला तेव्हा इव्हॉन हळूच म्हणाली, "उत्तमभाऊ, तुमचा उपास."

"महाराजांना समजतं," तो म्हणाला, आणि वाडगा रिकामा केला.

सॅलड आलं. मग दोन घास माशाचे. प्रत्येक ताटानंतर डॅरेल दहा-दहा मिनिटं फिरकत नव्हता. इव्हॉनची नजर जाळीवर होती. शेख बोलत होते, हसत होते, एका जर्मनाला दरीतलं गाव बोटानं दाखवत होते. रात्री नऊचं विमान. खाली उतरून विमानतळावर पोचायला तीन तास. भिंतीवर घड्याळ नव्हतं, पण उत्तमच्या मनगटावर होतं आणि ती दर थोड्या वेळानं त्याचं मनगट आपल्याकडे वळवून बघत होती. दोन वाजले. सव्वादोन. मग शुवा आलं, रात्रभर खड्ड्यात शिजवलेलं बकरीचं मांस, पितळी ताटात, केशरी भातावर. डॅरेलनं झाकण उचललं तसा वाफेचा लोट उठला आणि इव्हॉनला पलीकडचं काही दिसेना. तिनं ताट हातानं बाजूला ढकललं. तेवढ्यात जाळीमागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

शेख उभे राहिले होते.

ती धावली. चालत नाही, धावली. माझा कोट खुर्चीत अडकून खाली पडला. मॅनेजरनं तिचा दंड धरला. तिनं झटका दिला आणि जेवढं अरबी येत होतं तेवढं ओरडली, "अर्बाब! बिन्ती मरीदा! बिन्ती मरीदा!" माझी मुलगी आजारी आहे.

शेख वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची एक रेघही उमटली नाही. बारा वर्षं त्यांच्या सहीची पत्रं ती टाइप करत होती.

"तू कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"इव्हॉन, सर. कुरुम ऑफिस." आणि मग सगळं एका श्वासात. ताप, हॉस्पिटल, जहूर, पासपोर्ट, रात्रीचं विमान.

शेख तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांना राग आला होता तो पाहुण्यांसमोर हे झाल्याचा. ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे बोलायची ही जागा आहे? माझे पाहुणे आहेत. आम्ही कॉफी घेऊ. मग मी बघतो. जा, बस. जेवण पूर्ण कर."

"सर, एक फोन. एकच मिनिट."

"मी म्हटलं ना, बस."

ते उठले होते ते फक्त शेकोटीजवळच्या कोचांवर जायला. कहवा आला, खजूर आले. इव्हॉनला डॅरेलनं दंडाला धरून परत टेबलापाशी आणलं. आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. आतापर्यंत ती वाट बघत होती ती तिच्या बेतानं, आता शेखच्या हुकमानं. पुन्हा उठली तर ते नाही म्हणतील, या भीतीनं ती जागची हलेना. डॅरेलनं पुढ्यात हलवा ठेवला. ती तो खात राहिली, शिक्षा झाल्यासारखी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात वर केला तर शेखचं लक्ष जाईल आणि ते चिडतील, असं तिला वाटत होतं. उत्तम नंतर मला म्हणाला, "वहिनी, मी माझ्या बापाच्या चितेपुढं उभा राहिलोय. पण तो पाऊण तास त्याहून वाईट होता."

पाऊण तास गेला. सव्वातीनला शेख पाहुण्यांना गच्चीकडे पाठवून स्वतः काउंटरवर गेले. हॉटेलच्या फोनवरून त्यांनी जहूरना दोन वाक्यं सांगितली. मग इव्हॉनकडे वळून म्हणाले, "जहूर देईल. अल्ला तुझ्या मुलीला बरं करो." आणि मग, "तुला इथं कुणी आणलं?"

इव्हॉन काही बोलायच्या आत उत्तम पुढे झाला. "मी, सर. तुमची गाडी आणली."

शेख त्याच्याकडे बघत राहिले. मग गच्चीकडे गेले.

उतारावर उत्तमनं गाडी पहिल्या गिअरमध्ये धरली होती. मध्येच गारांचा सडाका आला, काच दिसेना. इव्हॉन सारखी फोन बघत होती. बिरकत अल मौझला रेंज आली. व्हेनेसाचा फोन लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. इझकीनंतर लागला तेव्हा व्हेनेसा रडत होती. दुपारी दोनच्या सुमाराला नॅटली बेशुद्ध झाली होती.

मस्कतच्या सीब विमानतळावर जहूर स्वतः उभे होते, पासपोर्ट छातीशी धरून. शेखचा फोन आल्यापासून ते तिथंच उभे होते. आम्हीही तिची बॅग आणि तिकीट घेऊन पोचलो होतो. जहूरनी पासपोर्ट पुढे केला. इव्हॉननं तो घेतला. तिनं त्यांना शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती फक्त "शुक्रिया" म्हणाली आणि आत गेली.

पुढचं तिनं फोनवर आणि पत्रांतून सांगितलं. नॅटली सहा दिवस बेशुद्ध होती. इव्हॉन सहाही दिवस तिच्या कानाशी बोलत राहिली. गासच्या गोष्टी, डॉमनिकची गाणी, येशूची प्रार्थना. सातव्या दिवशी मुलीनं डोळे उघडले. आईला ओळखलं. हात लांब केला. सगळा वॉर्ड आनंदला. इव्हॉन बोलत होती आणि नॅटली तिच्या ओठांकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मग ती मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, मोठ्यानं बोल ना. तू मोठ्यानं का नाही बोलत?"

दोन्ही कान गेले होते. डॉक्टरांनी समजावलं की या आजारात असं होतं, तुम्ही आदल्या दिवशी आला असतात तरी झालंच असतं. इव्हॉन म्हणाली, "ते मला मान्य आहे, डॉक्टर. पण गुरुवारी दुपारपर्यंत तिला ऐकू येत होतं ना?" डॉक्टर म्हणाले, बहुधा हो.

ती मस्कतला परतली नाही. तिच्या खोल्या मी आवरल्या. उत्तमची गाडी पुढच्याच आठवड्यात काढून घेतली आणि त्याला घाला नावाच्या भागातल्या गोदामात माल उतरवायला ठेवलं. वर्षभरानं तोही गावी गेला. जहूरनी त्या महिन्यात शेखकडे जाऊन तिजोरीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ही आता दुसऱ्या कुणाला द्या. शेखनी ती परत त्यांच्याकडे सरकवली. जहूरनी घेतली. मला हे त्यांनीच सांगितलं, मान खाली घालून.

२००९ मध्ये सुट्टीवर आले तेव्हा मी गासला गेले. इव्हॉन सकाळी चर्चच्या कचेरीत काम करायची, दुपारी नॅटलीला मुंबईच्या कर्णबधिरांच्या शाळेतून घेऊन यायची. चाळीशीतच केस पांढरे झाले होते. तेरा वर्षांची नॅटली उंच, बापासारखी रुंद कपाळाची. तिचं बोलणं अजून शाबूत होतं, फक्त आवाज कधी फार चढायचा, कधी फार उतरायचा. तिनं मला मस्कतच्या समुद्राबद्दल विचारलं आणि माझं उत्तर ओठांवरून वाचता येईना तेव्हा वही पुढे केली.

ती विहिरीकडे गेली तेव्हा इव्हॉन म्हणाली, "ताई, एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. शेखवर मी तीन वर्षं राग धरला. अजून आहे. पण त्या बुधवारी व्हेनेसाचा फोन आला ना, तेव्हा नॅटली शेजारीच होती. तिला माझ्याशी बोलायचं होतं. फोन मागत होती. मी म्हटलं, आत्ता नको बाळा, मम्मी आधी पासपोर्टचं बघते, मग बोलू. आणि ठेवला."

मी तिचा हात धरला. तो खरखरीत आणि थंड होता. बाहेरून नॅटलीनं हाक मारली, फार मोठ्यानं, शेजारच्या वाडीपर्यंत जाईल अशी. बादली जड झाली होती. इव्हॉन उठली आणि तिला मदत करायला गेली.